अंगठ्याच्या बाजूने

महाराष्ट्राच्या विधानसभा मतदारसंघांची मोजणी अक्कलकुव्यापासून सुरू होते. क्रमांक एकचा मान त्याचा, आणि धडगाव याच मतदारसंघात येते. साक्षरतेची यादी मात्र त्याच्याच नंदुरबार जिल्ह्याशी येऊन संपते : 2011 च्या जनगणनेत राज्य 82.34 टक्के, नंदुरबार 64.38. मतदानात पहिले आणि वाचनात शेवटचे, असे दोन्ही मान एकाच मुलखाला मिळाले, याला योगायोग म्हणणे अन्यायाचे होईल. त्यामागे सातत्य आहे, तेही एका सरकारचे किंवा एका पक्षाचे नव्हे. सातत्याचे कौतुक आपल्याकडे सहसा होत नाही, म्हणून हा लेखनप्रपंच.

आधी टक्का समजून घेऊ. जनगणनेत सात वर्षांपुढचा, समजून वाचता-लिहिता येणारा माणूस साक्षर धरतात. म्हणजे शाळेत बसलेले पोर टक्का वर ओढते आणि त्याचे आईबाप तो खाली धरून ठेवतात. मोठ्यांना शिकवून टक्का वाढवायचा तर माणसे लागतात, कंदील लागतो, रात्री लागतात. त्यापेक्षा थांबणे सोपे. आज पंचेचाळिशीत असलेला निरक्षर माणूस तीस-चाळीस वर्षांत यादीतून आपोआप कमी होतो आणि टक्का वाढतो. सरकारी तिजोरीवर एक पैचा भार नाही. इतके किफायतशीर प्रौढ शिक्षण जगात दुसरीकडे क्वचितच असेल.

नागरी भागाबद्दल तर अधिकच निश्चिंती आहे. सर्व तालुक्यांच्या मुख्यालयांना नगरपंचायत द्यायचे राज्याने 2014 मध्ये ठरवले आणि पुढे धडगाव-वडफळ्या-रोषमाळ बुद्रुक हे गाव शहर झाले. त्यानंतर देशात जनगणनाच झाली नाही; लोकांची मोजणी आता 2027 मध्ये व्हायची आहे. त्यामुळे शहादा, तळोदा, नवापूर, नंदुरबार या नगरपालिकांशी धडगावची तुलना करून इथल्या कमावत्या वयाच्या माणसांपैकी किती जण सातवी शिकले आणि किती दहावी, असे विचारून कोणी खजील करू शकत नाही. ज्याची परीक्षाच घेतली नाही, तो नापास कसा होणार?

शिवाय अक्षरओळखीची गरज तरी कितीशी उरली आहे? देशातले पहिले आधार कार्ड 29 सप्टेंबर 2010 रोजी याच जिल्ह्यातल्या टेंभलीत दिले गेले, खुद्द पंतप्रधानांच्या उपस्थितीत. नंदुरबारची माणसे पिढ्यान्‌पिढ्या ज्या अंगठ्यावर भागवत होती, त्या अंगठ्यापाशी अखेर सारा देश येऊन थांबला. आज पुण्यातला पदवीधरही यंत्रावर बोट टेकवतो आणि यंत्र ‘हो’ म्हणेल का, याची वाट पाहतो. सातपुड्यात फक्त त्याआधी रेंजची वाट पाहावी लागते, एवढाच फरक.

पण या व्यवस्थेचे खरे मोल कळते ते दिवाळीनंतर. चांदसैलीचा घाट चढून शिक्षक पोचायला अडचणी असतात. ऊसतोडीच्या मुकादमाची गाडी मात्र बरोबर पोचते. पावसाळ्यात घरात दाणा नसताना उचल दिलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता. गुजरातच्या ऊसपट्ट्यात, नाहीतर पश्चिम महाराष्ट्रात, पाचटाच्या कोपीत पुढचे महिने जातात. उचल किती, टन किती, खाडे किती, दुखण्याला दिलेले पैसे किती, हा सगळा हिशोब मुकादमाच्या वहीत असतो. वही एक आणि ती वाचणाराही एक, त्यामुळे मतभेदाला जागाच राहत नाही. कामगार-मालक संबंध इतके सुरळीत ठेवण्यासाठी इतर उद्योगांना कामगार कायदे, युनियन, लवाद असा केवढा खटाटोप करावा लागतो! इथे अंगठा पुरतो. हंगाम संपल्यावर वहीत काही फिटायचे राहिलेच, तर ते पुढच्या वर्षी फिटते. कामाची अशी शाश्वती शहरातल्या सुशिक्षित बेकारांना आज कोण देतो? आपल्या चहात पडणारी साखर स्वस्त राहण्यामागे ही वहीही आहे, हे आपण कृतज्ञतेने लक्षात ठेवायला हवे.

कोयत्याबरोबर पोरेही जातात. त्यांच्यासाठी शासनाने शिक्षण हमी कार्ड काढले होते. हे कार्ड दाखवले की पोराला जिथे जाईल तिथल्या शाळेत बसता यावे, अशी योजना. कार्डावर काय लिहिले आहे ते बापाने वाचावे आणि उसाच्या फडातून शाळा शोधत जावे, इतकेच बाकी ठेवले होते.

उन्हाळ्यात आमचुराचे दिवस येतात. धडगावचे आमचूर नाव काढणारे आहे. घरातल्या बाया कैऱ्या सोलतात, फोडी करतात, उन्हात वाळवतात, आणि माल डोक्यावर घेऊन बाजाराला येतात. काटा व्यापाऱ्याचा, काट्यावरचा आकडा व्यापारी सांगतो, फोड काळी पडली की पांढरी राहिली हेही तोच ठरवतो. विकणाऱ्याला आकडेमोडीचा काडीचाही त्रास होऊ देत नाहीत. ग्राहकसेवा याहून वेगळी काय असते?

या सलोख्याला धोका कुठून संभवतो, हे फार पूर्वी एका माणसाने लिहून ठेवले आहे. जोतीराव फुल्यांनी 1855 मध्ये ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहिले. अडाणी शेतकरी जोडप्याला एक जोशी लुबाडतो, इथवर सगळे रीतीप्रमाणे चालते. पण शेवटी ते दोघे रात्रीच्या शाळेत जायचे ठरवतात. दक्षिणा प्राइज कमिटीने ते नाटक नाकारले. कमिटीला पुढचे दिसत होते. फुले दांपत्याने त्याच वर्षी कष्टकऱ्यांसाठी रात्रशाळा काढलीच, हा भाग वेगळा.

नंतरच्या राज्यकर्त्यांनी एवढी घाई केली नाही. 2009 मध्ये ‘साक्षर भारत’ आले, गावोगावी प्रेरक नेमले, त्यांना महिना 2,000 रुपये मानधन ठरले. मार्च 2018 मध्ये ते बंद झाले. 2022 पासून ‘नवभारत साक्षरता’, म्हणजेच ‘उल्लास’ आहे. त्यात शिकवणारा स्वयंसेवक असतो आणि त्याला मानधन नसते. मान ठेवला, धन काढले. नोंदणी ॲपवर. ज्या पाड्यात फोनच लागत नाही, तिथल्या असाक्षराने ॲपवर दिसावे, ही अपेक्षा महत्त्वाकांक्षी आहे. पण महत्त्वाकांक्षेला नावे ठेवू नयेत. महाराष्ट्रातली या कार्यक्रमाची चाचणी 17 मार्च 2024 ला झाली, होळीच्या बरोबर एक आठवडा आधी. त्या आठवड्यात सातपुड्याचा माणूस एक तर उसाच्या फडात असतो, नाहीतर होळीआधीच्या भोंगऱ्या बाजारात. तारीख निवडणाऱ्याचा स्थानिक अभ्यास दांडगा असला पाहिजे.

उद्याच्या निरक्षरांचीही आबाळ होऊ नये, अशी काळजी दिसते. वीसपेक्षा कमी पटाच्या राज्यातल्या 14,783 शाळांचे काय करायचे हा प्रश्न 2023 मध्ये आला, तेव्हा समूह शाळेचा उपाय सुचवला गेला आणि नमुना म्हणून पानशेतबरोबर तोरणमाळचे नाव पुढे आले. तोरणमाळ आपल्याच धडगाव तालुक्यात. पाड्यावरची शाळा उचलून लांब नेली, की पोराचे पाय तरी मजबूत होतात, आणि कोयत्याला पायच लागतात.

तेव्हा सुजाण नागरिकहो, एक नम्र विनंती. होळीला माणसे गावी येतात. त्या चार दिवसांत कोणी उत्साही तरुण पाटी घेऊन पाड्यावर निघालाच, तर त्याला अडवू नका, फक्त समजावून सांगा. ‘अ’ अननसाचा शिकवायला हरकत नाही. सातपुड्यात अननस पिकत नाही, कोणाचे नुकसान नाही. ‘आ’ आमचुराचा मात्र शिकवू नकोस म्हणावे. त्यापुढे भाव विचारतात, आणि भावानंतर मुकादमाची वही मागतात.