दीडशे शब्दांचे संस्कार

पंढरपुरात पोलिस ठाण्यातला कागद मागणाऱ्यावर सरकारने उत्तम संस्कार केले आहेत. २०१२च्या नियमानुसार माहिती अधिकाराचा अर्ज एकाच विषयाचा, तोही दीडशे शब्दांत. वर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. स्टॅम्पवाल्याच्या बाकावर बोटांनी शब्द मोजणारा अर्जदार पाहिला की मराठी गद्याचं भवितव्य उज्ज्वल वाटतं. उत्तर तर त्याहून आटोपशीर: ‘तपासात अडथळा येईल.’ तेवढ्यासाठी तीस दिवसांची मुदत, म्हणजे शब्दाला दहा दिवस. जास्त वाटतात का? इथल्या विठ्ठल मंदिराचा कायदा १९७३चा, त्यावरून बडव्यांनी, म्हणजे वंशपरंपरागत पुजाऱ्यांनी, घातलेल्या वादावर सर्वोच्च न्यायालयाचा निकाल २०१४चा! आमची नम्र सूचना: यापुढे अर्ज कोराच घ्यावा. स्टॅम्प मात्र नीट चिकटवलेला हवा.