शेण, मीठ आणि शारजा

जानेवारी २०२२पासून शारजातली सरकारी कार्यालयं आणि शाळा आठवड्याला चारच दिवस भरतात. मराठी मास्तर शुक्रवार ते रविवार घरात मोकळा बसणं कुठल्याच संसाराला परवडणारं नाही. बायको म्हणाली, "एखादा छंद लावून घ्या." मी सेंद्रिय शेती शिकायचं ठरवलं.

धैदजवळ एका अमिराती कुटुंबाचा मळा आहे. खजूर, गहू, बार्ली, लसूणघास. मालकाला सगळे 'अर्बाब' म्हणतात. मळा चालवतो मात्र बहावलपूरचा चाचा. आमची जत तालुक्यातली कोरडवाहू जमीन खंडाने दिलेली. शेणाला हात लावायला लागू नये म्हणून मी बी.एड. झालो, आणि आता पेट्रोल जाळून परक्या देशात शेण चाळायला जातो.

शारजाची वाळू आपल्याला १९९८पासून माहीत. वादळ आलं, गेलं आणि सचिनने १४३ काढले. पण गहू काढायचा तर आधी खेळपट्टीच बनवावी लागते. वाळू पाणी धरत नाही, खत धरत नाही. म्हणून शेणखत, आणि तेही कच्चं नाही, नाहीतर गव्हाआधी तण डोकं काढतं. ढीग ओला करून पालटायचा. आत ५५-६० अंश चढले की तणाचं बी मरतं. ऑगस्टात ढिगाच्या आत आहोत की बाहेर, हे थर्मामीटरलाच कळतं.

दुसरा शत्रू मीठ. चाचा बोअरच्या पाण्याची चूळ भरतो, आकाशाकडे बघतो, थुंकतो आणि निकाल देतो : "गेहूँ चलेगा, प्याज नहीं." मी क्षारता मोजायचं यंत्र घेऊन गेलो, कोष्टक उघडलं. जमिनीतली क्षारता ६पर्यंत गेली तरी गहू उत्पन्न सोडत नाही, बार्ली तर ८पर्यंत तग धरते. कांदा मात्र १.२ला रडायला लागतो. यंत्र खिशात ठेवलं. शिवाय मुळांपाशी साठलेलं मीठ खाली ढकलायला गरजेपेक्षा जास्त पाणी सोडावं लागतं. वाळवंटात! जतच्या माणसाच्या हातून पाट उघडत नाही हो.

शेजारी मलिहाला शारजा सरकारने २०२२ साली ४०० हेक्टरांवर सेंद्रिय गहू केला. तिथे शेतभर गोल फिरणारे अजस्र तुषारसंच आहेत. आमच्याकडे पाइप, फावडं आणि मी.

अर्बाबचा जीव नोंदवहीत. बी कुठलं, खत कुठलं, फवारलं काय, सगळं लिहायचं. सेंद्रिय प्रमाणपत्र त्याच्यावर टिकतं. शेजारच्या शेळ्यांच्या लेंड्या आणल्या, तर त्या शेळ्या काय खातात याची चौकशी झाली. मी दुपारी काय खाल्लं, कुणी विचारलं नाही.

मार्चात ओंब्या भरल्या आणि होले, चिमण्या, पोपट उतरले. विष चालत नाही, मग कोणीतरी ओरडायला हवं. मला बढती मिळाली. चाचा पंजाबीत हाकारतो, मी मराठीत. पाखरं दोघांनाही जुमानत नाहीत. तेवढ्यात आईचा व्हिडिओ कॉल.

"पगार देतात का रे तुला?"

"आई, शिकतोय."

"मग गावी ये की. इथली पाखरं काय शिकवायची नाहीत व्हय?"

चाचाने विचारलं, "अम्मी क्या कहती हैं?"

म्हटलं, "बहुत खुश हैं."