तीन चुली, एक खुराडे : मोठ्या घरातील कोंबडीपालनाचे मार्गदर्शन

व्याप्ती आणि संज्ञा

कोंबडीपालनाविषयीच्या शासकीय पुस्तिका खुराड्याची लांबी-रुंदी, खाद्याचे प्रमाण आणि लसीकरणाचे वेळापत्रक सांगून थांबतात; परंतु ज्या घरात वीस-बावीस माणसे, तीन चुली, एक सामाईक विहीर आणि तीस-पस्तीस कोंबड्या एकाच कौलांखाली नांदतात, त्या घराने नेमके काय करावे, याविषयी त्या काहीच बोलत नाहीत. ही उणीव भरून काढणे हा प्रस्तुत मार्गदर्शनाचा हेतू असून, त्याची व्याप्ती दक्षिण कोकणातील, विशेषतः सिंधुदुर्ग जिल्ह्यातील, ओटी, माजघर, पडवी आणि मागे परसू अशा रचनेच्या घरांपुरती मर्यादित ठेवली आहे. घाटावरील कुटुंबांनी यातील नियम आपापल्या भांडणांच्या स्वरूपानुसार बदलून घ्यावेत.

आरंभी काही संज्ञा स्पष्ट करणे आवश्यक आहे. ‘मोठे घर’ म्हणजे ज्याच्या सातबाऱ्यावर सर्व भावांची नावे एकाखाली एक गुण्यागोविंदाने राहतात, परंतु फोडणीचे तेल तीन वेगळ्या बाटल्यांतून येते, असे कुटुंब. ‘गावठी’ म्हणजे परसात चरून, उकिरडा उकरून स्वतःचे पोट स्वतः भरणारी कोंबडी. तिच्या विरुद्ध टोकाला ‘बॉयलर’ येते, जिचे मूळ इंग्रजी नाव ‘ब्रॉयलर’ असले तरी बाजारात ते कोणी उच्चारत नाही. ‘तलंग’ म्हणजे अंड्यावर येऊ घातलेली तरुण कोंबडी, ‘डालगे’ म्हणजे पिल्ले झाकण्याची बांबूची टोपली, आणि ‘खुडूक’ म्हणजे अंडी घालणे थांबवून ती उबवण्याच्या हट्टाला पेटलेली कोंबडी, जिच्या जवळ गेल्यास ती पिसे फुलवते आणि हात पुढे केल्यास चोच मारते. ही शेवटची संज्ञा घरातील माणसांनाही लावली जाते. मात्र ज्या व्यक्तीला ती लावायची, ती व्यक्ती समोर नसल्याची आधी खात्री करून घ्यावी.

मालकीचा प्रश्न

कोंबडीपालनातील पहिली अडचण रोग किंवा मुंगूस ही नसून मालकी ही आहे. कोकणातील मोठ्या घरात कोंबड्या ‘घराच्या’ असतात असे ओटीवर बसलेले पुरुष पाहुण्यांना सांगतात. माजघरात मात्र प्रत्येक कोंबडी कोणातरी एकीची असते, कारण अंडी विकून येणारा पैसा हा त्या स्त्रीला कोणापुढे हात न पसरता खर्च करता येणारा पैसा असतो. धर्मशास्त्रात याला ‘स्त्रीधन’ असा भारदस्त शब्द आहे. व्यवहारात ते तांदळाच्या डब्यात, वाटीखाली, रुमालात बांधून ठेवलेले असते.

ओळख पटण्यासाठी कोंबडीच्या पायाला चिंधी बांधण्याची पद्धत प्रचलित आहे. थोरल्या जावेच्या कोंबड्यांना लाल, मधलीच्या कोंबड्यांना हिरवी आणि धाकटीच्या कोंबड्यांना पिवळी चिंधी बांधावी. तिन्ही चिंध्या ज्या ब्लाउजपीसच्या कापल्या असतील ते कोणाच्या माहेरून आले होते, याची चौकशी टाळावी. चिंधीमुळे कोंबडीची मालकी ठरते, अंड्याची ठरत नाही. लाल चिंधीची कोंबडी जर मधलीच्या पडवीतील भाताच्या तुसावर जाऊन अंडे घालून आली, तर ते अंडे कोणाचे, या प्रश्नावर दोन पक्ष संभवतात : जिची कोंबडी तिचे अंडे असे मानणारा कोंबडीपक्ष, आणि जिची जागा तिचे अंडे असे मानणारा जागापक्ष. विज्ञानेश्वराने ‘मिताक्षरे’त दायविभागाची, म्हणजे कुटुंबाच्या मिळकतीच्या वाटणीची, जी सविस्तर मांडणी केली, तिचा आधार आजही वकील देतात; परंतु ती वाचून परसातील एकाही अंड्याचा निकाल लागल्याचे दिसत नाही. व्यवहारात निकाल कानांवर लागतो. अंडे घातल्यावर कोंबडी स्वतःच मोठ्याने कलकलाट करून त्याची जाहिरात करते, आणि तो ऐकून जी आधी पोचते तिच्या पदरात ते पडते. म्हणून दुपारच्या जेवणानंतर आडवे होताना एक कान परसाकडे ठेवावा.

काही कोंबड्या मात्र गवताच्या उडवीत किंवा लाकडांच्या रचाईमागे गुपचूप अंडी घालतात आणि त्यांचा पत्ता आठवड्यानंतर लागतो. अशा अंड्यांवर कोणीही लगेच हक्क सांगू नये. आधी ती पाण्यात सोडून पाहावीत. ताजे अंडे तळाशी आडवे बसते, जुने होत गेलेले अंडे आतील हवेची पोकळी वाढल्यामुळे उभे राहते, आणि पार शिळे अंडे तरंगते. अंडी बुडाली तर ती दोन पक्षांनी मागावीत. तरंगली तर ती दुसऱ्या पक्षाची असल्याचे उदार मनाने मान्य करावे.

श्रेणीव्यवस्था

थोरलाइफ शेल्डरुप-एब्बे या नॉर्वेजियन प्राणिशास्त्रज्ञाने १९२० च्या दशकाच्या आरंभी कोंबड्यांच्या कळपाचे निरीक्षण करून असे दाखवून दिले की, कळपात कोणी कोणाला चोच मारायची याचा एक ठरलेला क्रम असतो : सर्वांत वरची कोंबडी सर्वांना टोचते, तिच्या खालची तिला सोडून बाकी सर्वांना, आणि अगदी तळाची कोणालाच नाही. कोकणातील मोठ्या घरात सून म्हणून आलेल्या कोणत्याही स्त्रीला हा शोध लावण्यासाठी एक गणेशचतुर्थी पुरेशी झाली असती. कळपात नवी कोंबडी आली की क्रम नव्याने ठरेपर्यंत काही दिवस टोचाटोची चालते आणि मग शांतता होते, म्हणून नवी कोंबडी शक्यतो अंधार पडल्यावर, बाकीच्या झोपेत असताना, खुराड्यात सोडावी असे जाणकार सांगतात. नव्या सुनेबाबत ही युक्ती वापरून पाहिल्याची नोंद नाही.

कोंबड्यांमधील नरांचा क्रम आवाजावरून कळतो. जपानी संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवले की, कोंबडा पहाटे आरवतो तो उजेड पाहून नव्हे, तर शरीरातील अंतर्गत घड्याळाच्या आधारे, आणि सतत मंद उजेडात ठेवलेले कोंबडेही ठरल्या वेळी आरवतात. कोंबडे झाकले म्हणून तांबडे फुटायचे राहत नाही, या म्हणीला यावरून अशी पुरवणी जोडता येते की, कोंबडा आरवायचाही राहत नाही. पुढे २०१५ मध्ये असेही आढळले की, कळपातील सर्वांत वरच्या पायरीचा कोंबडा प्रथम आरवतो आणि बाकीचे आपापल्या पायरीने त्याच्यामागून. घरातील ज्येष्ठ पुरुष पहाटे अंथरुणात मोठ्याने खाकरेपर्यंत चहाचे आधण न ठेवण्याची जी प्रथा आहे, तिचा अभ्यास मात्र अद्याप झालेला नाही.

खुडूक कोंबडीची व्यवस्था

कोंबडी खुडूक झाली की दोन मार्ग उरतात. अंडी हवी असतील तर तिचा खुडूकपणा मोडावा, त्यासाठी तिला थंड पाण्यात बुचकळणे किंवा तिच्या नाकपुडीतून पीस घालणे असे पारंपरिक उपाय केले जातात, ज्यांनी कोंबडीपेक्षा पाहणाऱ्या मुलांचाच मूड जास्त बदलतो. पिल्ले हवी असतील तर जुन्या टोपलीत गवत अंथरून, अंधाऱ्या कोपऱ्यात, तिच्या अंगाखाली मावतील अशी दहा-बारा अंडी मांडावीत. उबवणीला २१ दिवस लागतात. या काळात कोंबडी दिवसातून एखाद्या वेळीच दाणापाण्यासाठी उठते, आणि तेवढ्या वेळात टोपलीत कोणाची किती अंडी आहेत हे पाहण्यासाठी निदान तीन बायका तिथे सहज म्हणून येऊन जातात.

सातव्या दिवसाच्या सुमारास रात्री अंडे मोबाइलच्या टॉर्चसमोर धरून पाहावे : आत कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा दिसल्या तर पिल्लू धरले आहे, आणि आतले सारे स्वच्छ, पारदर्शक दिसले तर ते अंडे फळलेले नाही. एकीची खुडूक कोंबडी दुसरीच्या अंड्यांसाठी अर्ध्या वाट्याने देण्याची रीत असल्यामुळे, फुटलेल्या पिल्लांपैकी अर्धी कोंबडीवालीची आणि अर्धी अंडीवालीची असा हिशेब होतो. पिल्ले अकरा निघाल्यास अकरावे पिल्लू सासूच्या नावे करावे. यामुळे वाद मिटतो असे नाही, परंतु पुढे तो कोणी मोठ्याने काढत नाही.

कोंबड्यांचे पंचांग

गावठी कोंबडीचे आयुष्य तिच्या प्रकृतीपेक्षा तिथी-वारावर अधिक अवलंबून असते, म्हणून पालकाने भिंतीवरील दिनदर्शिका कोंबडीच्या बाजूने वाचण्यास शिकावे. सोमवार, गुरुवार, शनिवार, संकष्टी आणि एकादशी हे सुरक्षित दिवस होत. बुधवार, शुक्रवार आणि रविवार हे जोखमीचे. तीन चुलींचे पाळायचे वार वेगळे असल्यास ही सुरक्षितता चिंधीच्या रंगागणिक बदलते, आणि पिवळी चिंधी मंगळवारीही निर्धास्त फिरते.

वार्षिक चक्रात आषाढ अमावास्या, जिला लोक गटारी म्हणतात, ही सर्वांत मोठी आपत्ती. तिच्यातून जी कोंबडी वाचते तिला श्रावणभर अभय मिळते, ते भाद्रपदात गणपती घरी असेपर्यंत टिकते. मात्र ज्या घरांत गौरीला तिखटाचा नैवेद्य असतो तिथे ही मुदत अलीकडेच संपते. पुढे नवरात्राचे नऊ दिवस पुन्हा अभय आणि दसऱ्याला ते मागे घेतले जाते. मार्गशीर्षातील गुरुवारांचे व्रत बायकांचे असले तरी त्याचा खरा लाभ परसात मोजला जातो. वर्षातून एकदा राखणदाराला, म्हणजे गावाची आणि शेताची राखण करणाऱ्या देवतेला, कोंबडा द्यावा लागतो, आणि तो प्रत्येक वेळी दुसऱ्याच्या चिंधीचा असावा असे प्रत्येक चुलीला वाटते. वैशाखात मुंबईचे चाकरमानी सुटीवर येतात. या सुटीला पंचांगात स्वतंत्र नाव नसले तरी कोंबड्यांना ती ओळखू येते.

पाहुणा आणि विभाजनाचे गणित

एका कोंबडीला तंगड्या दोनच असतात, हे या शास्त्रातील मूलभूत सत्य होय. सवा किलोच्या आसपास भरणारी गावठी कोंबडी बावीस पानांत वाढायची असल्यास मांसाचे प्रमाण वाढवता येत नाही, म्हणून वाटपाचे वाढवावे लागते : भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचे वाटप, दोन बटाटे आणि तांब्याभर पाणी यांच्या योगाने सागोती, म्हणजे मालवणी पद्धतीचा मटणाचा किंवा कोंबडीचा रस्सा, पाहुण्यांच्या संख्येनुसार ताणता येते, आणि वडे पुरेसे असल्यास हे ताणणे तिसऱ्या पंगतीपर्यंत कोणाच्या ध्यानात येत नाही. तंगड्यांपैकी एक पाहुण्याची आणि दुसरी ज्याच्यामुळे पाहुणा आला त्याची असते. काळीज लहान मुलांना द्यावे, आणि मुले पाच असल्यास ते पाहुण्यासमोर देऊ नये.

कोंबडी रात्री पकडावी, कारण तिला अंधारात नीट दिसत नाही. दिवसा पकडायला गेल्यास सगळे घर परसात धावते आणि पाहुण्याला आपल्यासाठी काय चालले आहे ते कळून तो ‘कशाला उगाच’ असे म्हणू लागतो, ज्यानंतर कोंबडी कापणे सक्तीचे होते. मुलांनी नाव ठेवलेली कोंबडी कापायची ठरवू नये; ‘काळी’, ‘लंगडी’, ‘बोडक्या मानेची’ ही केवळ वर्णने असल्यामुळे चालतात, पण एकदा कोंबडीला शाळेतील बाईंचे नाव मिळाले की ती म्हातारपणानेच मरते.

रोग आणि शत्रू

या विषयात विनोदाला फारसा वाव नाही. राणीखेत हा रोग, ज्याला मानमोडीही म्हणतात, एकदा शिरला की दोन-चार दिवसांत खुराडे रिकामे करतो. लागण झाल्यावर त्याला औषध नाही, फक्त आधी दिलेली लस उपयोगी पडते. पिल्लांना पहिल्याच आठवड्यात डोळ्यात किंवा नाकात लसीचा थेंब घालावा लागतो, आणि तो घालताना तिन्ही रंगांची पिल्ले एकाच डालग्यात आणावी लागतात, कारण लसीची कुपी एकदा फोडली की ती फार वेळ टिकत नाही. मुंगूस, रानमांजर आणि घार हे उरलेले शत्रू चिंधीचा रंग पाहत नाहीत, ही त्यांची एकमेव चांगली बाजू म्हणावी लागेल.

सायंकाळची मोजणी

मोठ्या घराची कधीतरी वाटणी होते. जमिनीचे तुकडे पडतात, आंबा-फणसाची झाडे मोजून दिली जातात, पडवीत कुडाची भिंत उभी राहते. कोंबड्यांची वाटणी मात्र कागदावर होते आणि जमिनीवर होत नाही, कारण कोंबडी जिथे वाढली त्याच खुराड्यात दिवेलागणीला परत येते, आणि तिला नव्या भिंतीचा अर्थ समजावून सांगण्याची कोणतीही पद्धत आजवर सापडलेली नाही. म्हणून वाटणीच्या कागदात खुराड्याचा उल्लेख करू नये. ते आजीकडे राहू द्यावे.

आजीने रोज संध्याकाळी खुराड्याच्या दाराशी बसून आत शिरणारी प्रत्येक कोंबडी बोटाने मोजावी, आणि मोजताना कोणी बोलल्यास पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी. एक कमी भरल्यास तिने ते चढ्या आवाजात, तिन्ही पडव्यांना ऐकू जाईल असे, सांगावे. त्यानंतरची कार्यवाही आपोआप होते : विहिरीच्या पंपावरून चतुर्थीपासून एकमेकांशी न बोलणारे भाऊ आपापल्या बॅटऱ्या घेऊन काजूच्या बागेत उतरतात, एक दुसऱ्याला ‘त्या बाजूक बघ’ एवढेच म्हणतो, दुसरा काही न बोलता त्या बाजूला जातो, आणि मुले जेवणाचे पान टाकून मागोमाग पळतात. कोंबडी बहुधा फणसाच्या खालच्या फांदीवर बसलेली सापडते. ती कोणाची, ही चर्चा सकाळपर्यंत तहकूब ठेवावी, कारण बॅटरीच्या उजेडात चिंधीचा रंग नीट कळत नाही.