पडाववाले अप्पा

"फाइल डाउनलोड होत नाही" हे वाक्य रत्नागिरीच्या मांडवीत कोणी कितीही हळू म्हणालं तरी अप्पांना ऐकू जातं. एरवी त्यांना कमी ऐकू येतं. त्यांच्या बायकोने, म्हणजे आमच्या वहिनींनी, दळणाचा डबा पुढे केला की मुळीच येत नाही. पण हे वाक्य कानावर पडलं की हातातली भेळ धक्क्याच्या कठड्यावर ठेवून ते उठतात. "होत नाही असं काही नसतं. करू देत नाहीत. आण इकडे."

पैसे आपले, फोन आपला, नेट आपलं, आणि फाइल मात्र कॅलिफोर्नियातल्या कुणाच्या मर्जीने मिळणार, हे अप्पांना मान्य नाही. या विषयावर त्यांचा आवाज असा चढतो, की टिळक आळी इथून फार लांब नाही हे ऐकणाऱ्याला आपोआप आठवावं.

त्यांचं तत्त्वज्ञान मात्र अस्सल बंदरावरचं आहे. रत्नागिरीला आगबोटी यायच्या तेव्हा त्या खोल पाण्यात नांगर टाकून उभ्या राहायच्या आणि माणसं पडावांतून किनाऱ्याला यायची. अप्पा म्हणतात, "बोट दिसत्ये, डेकवरचा मामा हात हलवताना दिसतोय, पण मामा घरी यायचा तर पडाव हवा. फाइलचं तेच. समोर दिसत्ये ना? मग पडाव शोध." स्वतः अप्पा हे असे पडाव. भाडं घेत नाहीत. फक्त उतारूला वाटेत सगळा इतिहास ऐकावा लागतो.

इतिहास सुरू होतो नोकियाच्या सिंबियन फोनपासून. त्या फोनात एखादं अ‍ॅप टाकायला जावं तर 'सर्टिफिकेटची मुदत संपली' असं उत्तर यायचं. त्यावर उपाय असा, की फोनची तारीख मागे न्यायची. फोनला वाटायचं मुदत अजून आहे, आणि अ‍ॅप मुकाट आत यायचं. तारीख पुन्हा जागेवर आणायचं मात्र अप्पांच्या लक्षात राहायचं नाही. त्या काळातल्या फोटोंत त्यांच्या मुलीचं लग्न तिच्या बारावीच्या निकालाआधी झालेलं आहे.

मग कतारला असलेल्या पुतण्याने आपला जुना आयफोन वहिनींना दिला, आणि अप्पांना खऱ्या तोलामोलाचा शत्रू मिळाला. 2019 च्या सप्टेंबरात आयओएस 13 येईपर्यंत आयफोनच्या सफारीला डाउनलोडची धड सोयच नव्हती. गाणं तिथल्या तिथे वाजायचं, ठेवून घेऊ म्हटलं तर फोन ढिम्म. अप्पांनी डॉक्युमेंट्स नावाचं अ‍ॅप हुडकलं. त्याच्या पोटात त्याचा स्वतःचा ब्राउझर होता, आणि तो आणलेली वस्तू पोटातच ठेवून घ्यायचा.

ते जमलं तर पुढची अट आली. मोबाइल डेटावर ठरावीक वजनापुढचं अ‍ॅप आयफोन उतरवून देत नसे. 2013 पासून ही मर्यादा 100 एमबी होती, 2017 मध्ये 150 झाली, 2019 मध्ये 200. त्यापुढे वायफाय शोधा म्हणे. मांडवीच्या धक्क्यावर वायफाय! अप्पांनी पुन्हा तारखेला हात घातला, या वेळी एक दिवस पुढे. अ‍ॅप उतरलं. पण पंचांगाच्या अ‍ॅपनेही उद्याची तिथी दाखवली आणि वहिनींनी संकष्टीचा उपास तृतीयेलाच धरला. रात्री चंद्र दिलेल्या वेळेच्या आधीच वर येऊन बसलेला पाहून त्यांना पहिली शंका आली. पुढे काय झालं ते अप्पा सांगत नाहीत. साबुदाण्याची खिचडी त्या घरात दोन दिवस होती एवढं शेजाऱ्यांना माहीत आहे.

आयओएस 13 आलं त्या दिवशी सफारीत डाउनलोडचा बाण दिसू लागला. सगळ्यांना आनंद झाला. अप्पा भेळ न खाता घरी गेले. जी गोष्ट कोणालाही बोट लावून मिळते तिच्यात त्यांना काय गोडी? सुदैवाने पुढच्याच वर्षी गूगलने अँड्रॉइड 11 मध्ये 'अँड्रॉइड/डेटा' या फोल्डरला कुलूप घालायला सुरुवात केली आणि अप्पांचा चेहरा पुन्हा उजळला.

लोकांच्या अडचणी मात्र साध्या असतात, आणि अप्पा खरे शोभतात ते तिथे. आधारची पीडीएफ उतरते पण उघडत नाही. तिला परवलीचा शब्द लागतो. नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं आणि जन्मसाल. त्यामुळे मांडवीत कोणाचं वय किती, हे नगरपरिषदेखालोखाल अप्पांना ठाऊक. आमच्या आळीतल्या एक मावशी कित्येक वर्षं पन्नाशीच्या उंबरठ्यावर उभ्या होत्या. अप्पांनी भर अंगणात विचारलं, "जन्मसाल?" मावशींनी सांगितलेल्या सालाने फाइल उघडेना. अप्पा शांतपणे एकेक साल मागे जाऊ लागले. आठव्या सालाला फाइल उघडली. अप्पा एक शब्द बोलले नाहीत, पण अंगणातल्या सगळ्यांनी मोजलं होतं.

बँकेच्या परीक्षेचा अर्ज भरणारी पोरंही त्यांच्याकडे येतात. तिथे फोटो 20 ते 50 केबीतच बसावा लागतो, आणि आजच्या फोनचा फोटो काही एमबींचा. अप्पा तो व्हॉट्सअ‍ॅपवरून स्वतःच्या एका फोनवरून दुसऱ्यावर पाठवतात, पुन्हा परत, पुन्हा तिकडे. व्हॉट्सअ‍ॅप त्याचं वजन उतरवतं. चेहराही थोडा उतरतो, पण अर्ज जातो. याच्या उलट कोणी लग्नाचे फोटो साधे पाठवले की अप्पा खवळतात. "डॉक्युमेंट म्हणून पाठव मेल्या, डॉक्युमेंट म्हणून! नवरीचे डोळे गेले बघ." शंभर एमबींची जुनी मर्यादा व्हॉट्सअ‍ॅपने 2022 मध्ये दोन जीबीवर नेली, तेव्हापासून त्यांच्याकडे एका मुंजीचा अख्खा व्हिडिओ पडून आहे. तो त्यांनी पाहिलेला नाही. आणलेलं काहीच ते पाहत नाहीत. नमन-खेळ्यांची रेकॉर्डिंगं, परक्या माणसांचे सातबारे, कुठल्या तरी वॉशिंग मशीनची माहितीपुस्तिका, सगळं त्या फोनात सुखाने नांदतं आणि फोन रोज जागा संपल्याचं सांगतो.

माझं अप्पांशी एकाच मुद्द्यावर पटत नसे. बंद दार दिसलं की ते कोणाच्या तरी आडमुठेपणाने बंद आहे, असं ते धरून चालत. आत चोर येऊ नये म्हणूनही माणसं कडी लावतात. अँड्रॉइडमध्ये 'अज्ञात अ‍ॅप्स इंस्टॉल करा' अशी एक परवानगी असते. ती मुळात बंद असते. अप्पांनी अर्ध्या मांडवीच्या फोनात ती चालू करून दिली होती.

मग लग्नसराईत व्हॉट्सअ‍ॅपवर पत्रिका येऊ लागल्या. नाव पत्रिकेचं, शेपूट मात्र एपीकेचं. उघडली की फोनात अ‍ॅप शिरतं आणि बँकेचे ओटीपी भलत्याच माणसाच्या हाती जातात. अशीच एक अप्पांना आली. फोनने इशारा दिला, आणि जन्मात पहिल्यांदा अप्पांनी तो संपूर्ण वाचला. पत्रिका पुसून टाकली, चपला घातल्या आणि निघाले.

घरोघर जाऊन ते परवानग्या बंद करत होते. अँड्रॉइड 8 पासून ही परवानगी एका ठिकाणी नसते, दर अ‍ॅपची वेगळी. ब्राउझरची बंद करा, व्हॉट्सअ‍ॅपची बंद करा, फाइल मॅनेजरची बंद करा. प्रत्येक घरी चहा, आणि प्रत्येक घरी तोच प्रश्न: मग चालू कशाला केली होतीत? अप्पा चहात बिस्किट बुडवून गप्प.

खालच्या आळीतल्या तात्यांनी तर फोन द्यायला साफ नकार दिला. "तूच उघडून दिलंस ना? मग राहू दे उघडं. वारा येतो."

अप्पांनी वाद घातला नाही. तात्या दुपारी किती वाजता झोपतात आणि फोन कुठे ठेवतात, हे त्यांनी जाताना सुनेला हळूच विचारून घेतलं.