फक्त 2 जागा शिल्लक

माझी बायको डोंबिवलीत योगासनांचे वर्ग घेते आणि मी तिचा सोशल मीडिया मॅनेजर आहे. ह्या पदाला पगार नाही, रजा नाही आणि राजीनामा द्यावा तर रात्री जेवायचं कुठे, हा प्रश्न उभा राहतो. नेमणूक माझ्या मेव्हण्याने केली. तो स्वतः हिंजवडीतली नोकरी सोडून लाइफ कोच झाला आहे. रिक्षा चालवायची तर परवाना लागतो, बॅज लागतो. दुसऱ्याचं आयुष्य चालवायला आपल्याकडे अजून तरी कसलाच बॅज लागत नाही.

"भावोजी, ताई शिकवते उत्तम, पण ती दिसत नाही," असं त्याचं निदान होतं. ताई कित्येक वर्षं रोज सकाळी सहा वाजता सोसायटीच्या हॉलमध्ये सगळ्यांना दिसते, असं मी म्हणून पाहिलं.

"ऑनलाइन दिसत नाही, भावोजी!"

ऑनलाइन दिसायचं तर रील हवी. 2020 च्या जूनअखेर सरकारने टिकटॉकवर बंदी घातली आणि जुलैत लगेच इन्स्टाग्रामने भारतात रील्स आणल्या. तेव्हापासून सीएपासून मेंदीवालीपर्यंत सगळ्यांना कॅमेऱ्यासमोर काही ना काही करून दाखवावं लागतं. त्यातही सुरुवातीला हूक लागतो. पहिल्या तीन सेकंदांत बघणाऱ्याला धरून ठेवलं नाही, तर त्याचा अंगठा पुढे सरकलाच म्हणून समजा. हूक म्हणजे "थांबा! खुर्चीतून उठताना तुम्हीही ही चूक करता का?" असलं काहीतरी. बायकोने कॅमेऱ्याकडे बघून "थांबा!" म्हटलं की हॉलमधून चाललेला वॉचमन थांबतो. खरोखर थांबतो, आणि नेमका फ्रेममध्ये थांबतो. पुन्हा घ्यायचं. दुसऱ्या वेळी तिसऱ्या मजल्यावरच्या कुकरची शिट्टी होते. तिसऱ्या वेळी सगळं जुळून आलं, तर भुजंगासनातून मान वर उचलता उचलता बायको म्हणाली, "अहो, गॅस बंद केलात ना?" मेव्हण्याने तेवढाच तुकडा ठेवला. तीच आमची आजवरची सर्वात जास्त चाललेली रील. खाली कॉमेंट्स आल्या त्या भुजंगासनाबद्दल नव्हत्या. "केला का मग बंद?" असं अमरावतीपासून न्यू जर्सीपर्यंत लोक विचारत होते.

संगीताचीही एक गंमत आहे. साधं अकाउंट असेल तर हवं ते गाणं लावता येतं. ते 'बिझनेस' केलं की हक्कांच्या भानगडीमुळे बरीचशी चलतीची गाणी गायब होतात आणि कुणाच्याच मालकीचं नसलेलं एक टिंगटिंग तेवढं उरतं. म्हणजे धंदा करतो हे प्रामाणिकपणे सांगितलं की गाणी जप्त! आमचं पश्चिमोत्तानासन त्या टिंगटिंगवर चालतं.

मग जाहिरातीला पैसे लावायचं ठरलं. मी मजकूर सरळ लिहिला: 'तुमचे गुडघे दुखतात का?' फेसबुकने तो नामंजूर केला. वाचणाऱ्याला अमुक एक आजार आहे असं जाहिरातीतून सुचवायचं नाही, असा त्यांचा नियम आहे. वजन उतरवल्याचे 'आधी' आणि 'नंतर'चे फोटोही चालत नाहीत. मला हे नियम मनापासून आवडले. लग्नाच्या हॉलमध्ये दारातच "किती सुटलीस गं!" म्हणून स्वागत करणाऱ्या मावश्यांना ते कधी लागू होणार, एवढंच कुणीतरी सांगावं. शेवटी 'गुडघ्यांच्या आरोग्यासाठी योग' असं सरकारी परिपत्रकासारखं काहीतरी लिहिलं, तेव्हा मंजुरी मिळाली. वर 18 टक्के जीएसटी.

जाहिरात सुरू झाली आणि फोन टिणटिणायला लागला. "हाय." "प्राइस?" "गुड मॉर्निंग." "फक्त महिलांसाठी आहे का?" हा शेवटचा प्रश्न एका गृहस्थांचा होता, आणि हो म्हटल्यावर त्यांनी बॅचची वेळ विचारली. बाकीच्यांना फी सांगितली की ते जे गप्प होत, ते कायमचे. मेव्हणा म्हणाला, "फी आधी सांगायचीच नाही. आधी व्हॅल्यू द्यायची." आता डोंबिवलीत फी न सांगता व्हॅल्यू द्यायला गेलं, तर समोरचा व्हॅल्यू घेतो आणि सहा सतराची लोकल पकडतो.

व्हॉट्सॲपवरची कहाणी आणखी निराळी. ब्रॉडकास्ट लिस्ट करून एकाच वेळी सगळ्यांना निरोप धाडता येतो म्हणून बायको खूश झाली. पण तो निरोप फक्त ज्यांनी तिचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच पोचतो. झालं, 'योग शिका'च्या आधी 'नंबर सेव्ह करा' ही मोहीम काढावी लागली. स्टेटस त्या मानाने बरं. चोवीस तास राहतं, आणि कुणी पाहिलं त्याची यादी मिळते. ही यादी बायको रोज रात्री वाचते. पण ज्यांनी निळ्या टिका बंद करून ठेवल्यात, त्यांची नावं त्यात येतच नाहीत. आमच्या विहीणबाई त्यांतल्या. त्यांनी आमचं एकही स्टेटस कधी पाहिलेलं नाही आणि प्रत्येकातली साडी त्यांना ठाऊक असते.

मेव्हण्याचा पुढचा हुकूम आला: टेस्टिमोनियल. समाधानी विद्यार्थिनीला कॅमेऱ्यासमोर बसवा. आम्ही सर्वात जुन्या विद्यार्थिनीला बसवलं. केस नीट केले, माइक लावला. "वर्गामुळे तुमच्यात काय बदल झाला?"

"काही नाही."

"म्हणजे… त्रास काही कमी झाला?"

"गुडघा कमी दुखतो. पण ते तेलामुळेही असेल."

बाई रोज न चुकता येतात, पावसात छत्री उलटी झाली तरी येतात, शेजारणीला ओढून आणतात. पण तोंडावर कौतुक करणं त्यांच्या संस्कारांत बसत नाही. गूगलवर त्यांनीच पाच तारे दिले आणि खाली लिहिलं, 'ठीक आहे.' ज्याला मराठी माणूस ठाऊक आहे, त्याने हे वाचून दुसऱ्या दिवशी वर्गाला नाव घालावं. इतर भाषिकांसाठी मात्र सोबत खुलासा जोडायला हवा.

"सातत्याने फुकट, उपयोगी मजकूर देत राहायचं, भावोजी. ह्याला कंटेंट मार्केटिंग म्हणतात. अमेरिकेतून आलंय," मेव्हणा एकदा म्हणाला. मला राहवेना. अमेरिकेत जॉन डीअर ह्या नांगरवाल्या कंपनीने 1895 मध्ये शेतकऱ्यांसाठी 'द फरो' नावाचं मासिक काढलं, हे खरं. पण आपल्याकडेही नांगरवाल्यांनीच काढलं होतं. किर्लोस्करवाडीहून 1920 साली शंकरराव किर्लोस्करांनी 'किर्लोस्कर खबर' सुरू केलं. कारखान्याची खबरबात द्यायला निघालेलं ते पत्र पुढे चांगलं मासिक झालं, 'स्त्री' आणि 'मनोहर' ही त्याची भावंडं आली, आणि महाराष्ट्राच्या दोन पिढ्यांनी नांगर विकत न घेता ती वाचली. त्याही आधीची गोष्ट सांगतात, ती अशी की लोखंडाने जमीन नासते अशा समजुतीमुळे कारखाना उभारणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांचा पहिला नांगर खपायलाच दोन वर्षं लागली. मेव्हण्याने लक्षपूर्वक ऐकलं आणि विचारलं, "पण एंगेजमेंट किती होतं?"

त्याचं स्वतःचं दुकान कसं चालतं, तेही सांगायला हवं. दर रविवारी 99 रुपयांत मास्टरक्लास. पानावर उलटं धावणारं घड्याळ आणि लाल अक्षरांत 'फक्त 7 जागा शिल्लक'. झूमवर जागा संपतात कशा, हे मला आजवर उलगडलेलं नाही. फुकटच्या झूममध्येसुद्धा 100 माणसं मावतात. संपतो तो वेळ, कारण चाळीस मिनिटं झाली की फुकटचं झूम बंद पडतं. सुरुवातीला त्याच्या श्रोत्यांचं आयुष्य ऐन बदलता बदलता पडदा पडायचा. आणि हे श्रोते कोण? होऊ घातलेले कोच. तो त्यांना शिकवतो की क्लायंट कसे मिळवावेत, आणि ते बाहेर पडून दुसऱ्यांना तेच शिकवायला लागतात. आमच्या योगाच्या पानावर बदाम टाकणारी मंडळीही हीच: नाशिकच्या डाएटिशियन, नागपूरचे हस्ताक्षर सुधारणारे सर, साताऱ्याच्या पालकत्व-मार्गदर्शक. एकमेकांच्या पोस्टला पहिल्या तासात लाइक द्यायचे, असा त्यांचा करारच आहे. ह्यांतला एकही जण सकाळी सहाला डोंबिवलीत चटई पसरायला येणार नाही.

येतात त्या निराळ्याच. तळमजल्यावरच्या काकू एका सकाळी चटई घेऊनच हजर झाल्या. चौकशी नाही, की फी किती नाही. पैसे मोजून पाकिटात आणलेले. बसता बसता म्हणाल्या, "परवाच्या व्हिडिओत मागचा पडदा मळलाय गं. धुवायला टाक." एकूण एक रील त्यांनी पाहिली होती. गॅस शेवटी बंद केला होता का, हेही त्यांनी विचारून घेतलं. आमच्या पानावर त्यांचा ना अंगठा, ना बदाम. मॅनेजर ह्या नात्याने मी विचारलंच, "काकू, मग लाइक का नाही करत?"

"वेड लागलंय का? लाइक केलं की सुनेला दिसतं. माझे गुडघे दुखतात हे तिला कळलं, तर नातवाला शाळेच्या बसपर्यंत सोडायला मला पाठवेल का ती? तिथेच तर माझ्या भिशीवाल्या भेटतात."

भिशीच्या ग्रुपवर मात्र त्यांनी आमचे व्हिडिओ इमानाने फॉरवर्ड केले होते. "डार्क सोशल!" मेव्हणा फोनवर ओरडला. खाजगीत फिरणाऱ्या आणि आकडेवारीत धड न सापडणाऱ्या अशा देवाणघेवाणीला अलेक्सिस मॅड्रिगल नावाच्या अमेरिकन पत्रकाराने 2012 साली हे नाव दिलं म्हणे. काकूंना मी ते सांगितलं नाही. 'डार्क' ऐकून त्यांनी दारं लावून घेतली असती.

आठवडाभरात भिशीतल्या बाकीच्याही आल्या. आमच्या हॉलमध्ये 22 चटया मावतात, त्याही कॅरमचं टेबल भिंतीला उभं केलं तर. ते उभं केलं आणि बॅच भरली. मेव्हण्याला कळताच त्याने लगेच बायकोला फोन लावला. "ताई, आत्ताच्या आत्ता टाक, 'फक्त 2 जागा शिल्लक'!"

"अरे, एकही नाही शिल्लक."

"हो गं, पण टाकायला…"

"संपल्या रे जागा."

"म्हणजे खऱ्याच संपल्या?"

बायकोने फोन माझ्या हातात दिला आणि ती चहा टाकायला गेली. "भावोजी," तो आवाज खाली आणून म्हणाला, "हे तुम्ही नेमकं कसं केलंत?" मी त्याला कॅरमच्या टेबलाचं सांगितलं. त्याने लिहून घेतलं.