गिटदादांचं सोपं मॅन्युअल

हिंजवडीत जिथे म्हणून सॉफ्टवेअर कंपनी आहे, तिथे एक गिटदादा असतातच. वय चाळिशीच्या अलीकडे, लॅपटॉपच्या पाठीवर स्टिकरांची गर्दी आणि माउस वापरणाऱ्यांबद्दल मनात अपार करुणा. कुणाचा कोड बिघडला की दादा खुर्चीसकट घरंगळत येतात, ‘हो बाजूला’ म्हणतात, काळ्या खिडकीत पाच-सहा ओळी बडवतात आणि आल्या वाटेने घरंगळत जातात. कोड जागेवर आलेला असतो. काय केलं, ते मात्र कुणाला कळलेलं नसतं.

फ्रेशर्सची नवी तुकडी आली की ‘गिटचं एक छोटंसं, सोप्पं मॅन्युअल करून टाका ना’ हे काम मॅनेजर नेमकं याच माणसाच्या गळ्यात घालतो. दादा वेळ नसल्याची कुरकुर करतात. मनातून हरखलेले असतात.

आधी अनुक्रमणिका. प्रकरण पहिलं, अर्थातच इतिहास. १९७२ साली बेल लॅब्जमध्ये मार्क रॉचकाइंडने केलेल्या, कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या एससीसीएसपासून सुरुवात. मग आरसीएस, सीव्हीएस, सबव्हर्जन. २००५ मध्ये लिनक्स कर्नलवाल्यांची बिटकीपर फुकट वापरायची सोय गेली आणि लिनस टोरवाल्ड्सने एप्रिलात, थोड्या दिवसांत, गिट उभं केलं, इथे दादांच्या गद्याला थेट पोवाड्याचा जोर चढतो. त्याच वर्षी लिनसने कारभार जुनिओ हमानोच्या हाती सोपवला. त्या त्यागावर स्वतंत्र परिच्छेद. पुढे ब्लॉब, ट्री, एसएचए-१ चे चाळीस अक्षरी हॅश. ‘गिट अ‍ॅड’ येतं पान ३४ वर.

“कमिट करायचं तर कमिट आतून कसं असतं, ते आधी नको का कळायला?” हा दादांचा बिनतोड सवाल. (दादा स्कूटर शिकले तेव्हा आधी इंजिन खोललं होतं का, हे विचारायची कुणाची छाती नाही.) ‘चेकआउट’ या एकाच कमांडवर दोन-दोन कामांचा बोजा पडतो म्हणून २०१९ मध्ये, २.२३ आवृत्तीत, ‘स्विच’ आणि ‘रिस्टोअर’ आले. नवख्यांची मोठी सोय झाली. दादांनी ते मॅन्युअलमध्ये घेतलेले नाहीत. “आमचं कधी अडलं नाही त्यांच्यावाचून.”

लातूरहून आलेल्या एका मुलीने पहिल्याच आठवड्यात नुसतंच ‘गिट कमिट’ टाइप केलं. संदेश द्यायचा राहिला, आणि समोर विम उघडलं. धड टाइप होईना, बंदही होईना. मॅन्युअल चाळलं तर विम सापडलं परिशिष्टात, ‘विम का शिकावं’ या मथळ्याखाली.

“दादा, यातून बाहेर कसं पडायचं?”

“अगं, बाहेर कशाला पडायचंय? उत्तम एडिटर आहे तो.”

दादांचं विमपुराण संपल्यावर शेजारच्या मुलाने हळूच सांगितलं : एस्केप, कोलन, क्यू, उद्गारचिन्ह, एंटर. विम सुटलं. संदेश रिकामा म्हणून गिटने कमिटही रद्द केलं, ती गोष्ट वेगळी.

त्या मुलीने मग मॉनिटरला एक पिवळी चिठ्ठी चिकटवली. स्टेटस, अ‍ॅड, कमिट, पुल, पुश. आणि कमिटपुढे ठळक अक्षरांत ‘डॅश एम विसरू नये’. संध्याकाळपर्यंत चिठ्ठीचा फोटो सगळ्या फ्रेशर्सच्या व्हॉट्सअ‍ॅपवर होता. दादांनी ती पाहिली, नाक मुरडलं, “याला मॅन्युअल म्हणतात?” म्हणाले आणि खिशातलं पेन काढून तळाशी एक ओळ वाढवली : ‘घाबरू नकोस. गिट रिफ्लॉग.’

दादांनी आयुष्यात लिहिलेलं सर्वांत उपयोगी वाक्य ते हेच. कमिट केलेलं काम चुकून उडवलं, तरी रिफ्लॉगमधून ते महिनाभर तरी सहसा परत आणता येतं. जे कधी गिटच्या हवालीच केलं नाही, त्याला गिट तरी काय करणार? मॅन्युअलात हे आहे, नाही असं नाही. पान ६१, तळटीप. तेव्हा तुमच्या कंपनीतल्या दादांचं मॅन्युअल हाती पडलं, तर खुशाल शेवटून वाचायला घ्या.