दो-दो पडे हैं, एक उडा दें?

जबलपूरहून कटनीच्या रस्त्याला लागलं की पनागर येतं. हिवाळ्यात इथे मटार, उन्हाळ्यात गव्हाची सरकारी खरेदी आणि बारा महिने ऑनलाइन फॉर्म. मध्य प्रदेश सरकारची समग्र आयडी, जातीचा दाखला, गहू विकायला ई-उपार्जन पोर्टलवरचा स्लॉट, राणी दुर्गावती विद्यापीठाचा परीक्षा फॉर्म, हे सगळं फॉर्म भरून देणाऱ्या दुकानातल्या एकाच संगणकावर भरलं जातं. त्याच्या पडद्यावर क्रोमची तीन चिन्हं, फायरफॉक्सची दोन, एक एज आणि कुणी कधी बसवलं ते कुणालाच न आठवणारं आणखी एक असतं. एका सकाळी बुकमार्क दिसेनासे होतात. लगेच निदान होतं: "अंकल, दो-दो पडे हैं, एक उडा देते हैं."

उडवतात. आणि नेमकं नको तेच उडतं.

आजचा मुद्दा एवढाच आहे. ब्राउझर दोन झाले म्हणून माहिती जात नाही. दोनाचा एक करायला धावलेले हात ती घालवतात.

मुळात जे दोन दिसतात ते बहुतेक वेळा दोन नसतातच. पहिला प्रकार नुसत्या चिन्हांचा. डेस्कटॉपवर एक, खालच्या पट्टीवर एक, आणखी एक कुणीतरी फोल्डरात ओढून ठेवलेलं. तिन्ही एकाच प्रोग्रॅमकडे बोट दाखवतात. यातलं एक पुसलं तर बिघडत काही नाही, सुधारतही काही नाही. पण 'दुरुस्ती' झाली म्हणून पैसे मात्र घेता येतात.

दुसरा प्रकार प्रोफाइलचा. क्रोम एकच, पण त्यात काकांचं खातं वेगळं, काकूंचं वेगळं आणि दिवाळीच्या सुट्टीत आलेल्या नातवाने करून ठेवलेलं तिसरं. प्रत्येकाचं चिन्ह डेस्कटॉपवर येऊ शकतं, कोपऱ्यात छोटासा चेहरा लावून. यातलं 'एक्स्ट्रा' प्रोफाइल काढून टाकलं की काकूंचे पासवर्ड जातात आणि घरातली शांतता त्यांच्यामागून जाते.

तिसरा प्रकार खराखुरा, म्हणजे प्रोग्रॅमच दोनदा बसलेला. ३२ बिटांचा फायरफॉक्स एका फोल्डरात, ६४ बिटांचा दुसऱ्यात. एक मोझिलाच्या संकेतस्थळावरून आणलेला, दुसरा मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून. नेहमीचा क्रोम आणि त्याच्या शेजारी त्याचाच बीटा.

चौथा तोतया. तसंच गोल, रंगीत चिन्ह, आत माल भलताच. सदाशिवरावभाऊंच्या तोतयाचं प्रकरण निकाली काढायला पेशवाईला १७७६ साल उजाडावं लागलं. तुम्हाला कंट्रोल पॅनेलच्या यादीत प्रकाशक कोण आहे एवढं वाचायला अर्धं मिनिट पुरतं. काही न विचारता उडवावा तो फक्त हाच.

आता बुकमार्क 'गायब' होण्याची गोष्ट. २१ मे २०१९ रोजी फायरफॉक्सची ६७ वी आवृत्ती आली. तोवर एका यंत्रावर फायरफॉक्सच्या दोन प्रती असल्या तरी दोघी सहसा एकाच प्रोफाइलवर भागवून घेत. ६७ पासून प्रत्येक प्रतीला स्वतंत्र प्रोफाइल मिळू लागलं. हेतू चांगला होता. नव्या आवृत्तीने लिहिलेली माहिती जुन्या आवृत्तीने उघडून बिघडवू नये. परिणाम असा, की दुसरी प्रत बसवली आणि ती कोरी उघडली, तर माणसाला वाटतं दहा वर्षांचा संसार बुडाला. तो बुडालेला नसतो. शेजारच्या फोल्डरात जसाच्या तसा बसलेला असतो. जुन्या आवृत्तीने नव्या आवृत्तीचं प्रोफाइल उघडायला गेलात तर फायरफॉक्स नकार देतो आणि नवं प्रोफाइल करण्याची सोय पुढे करतो. घाईत आपण ते बटण दाबतो, पुन्हा कोरा पडदा, पुन्हा बोंब.

यावर उपाय फायरफॉक्सच्याच पोटात आहे. पत्त्याच्या पट्टीत इंग्रजीत 'अबाउट', अपूर्णविराम आणि 'प्रोफाइल्स' असं लिहा. यंत्रावरची सगळी प्रोफाइलं, त्यांच्या फोल्डरांच्या पत्त्यांसकट, समोर येतात. एकेक उघडून बघा. ज्यात तुमचे बुकमार्क सापडतील त्याला कायमचं ठरवून टाका. त्याच पानावर प्रोफाइल काढायचंही बटण आहे, आणि ते दाबलं की फाइली पुसायच्या की ठेवायच्या असं विचारतं. हा प्रश्न नीट वाचायचा असतो. आपल्याकडे प्रश्न वाचण्याआधी 'ओके' दाबण्याची परंपरा आहे, ती या एका ठिकाणी मोडली तरी चालेल.

क्रोमची तऱ्हा थोडी वेगळी. त्याची माहिती प्रोग्रॅमपासून दूर, तुमच्या विंडोज खात्याच्या 'यूजर डेटा' नावाच्या फोल्डरात राहते. पहिलं प्रोफाइल 'डिफॉल्ट' या नावाने, पुढची 'प्रोफाइल १', 'प्रोफाइल २' अशी. आपण कोणत्या फोल्डरात बसलो आहोत हे कळायला पट्टीत इंग्रजीत 'क्रोम', अपूर्णविराम, दोन तिरप्या रेघा आणि 'व्हर्जन' लिहायचं. उघडलेल्या पानावर प्रोफाइलचा पूर्ण पत्ता असतो. क्रोम काढताना तो एक चौकोन दाखवतो: ब्राउझिंगची माहितीही पुसायची का? त्या चौकोनात टिचकी मारलीत तर मटाराचे दाणे कचऱ्यात आणि टरफलं पातेल्यात. फायरफॉक्स या बाबतीत सोशिक आहे. प्रोग्रॅम काढला तरी प्रोफाइल मागे ठेवतो.

पण मुळात दोन-दोन प्रती बसतात कशाला? दुकानदाराला हौस म्हणून नाही. थोडं श्रेय सरकारी संकेतस्थळांनाही द्यायला हवं. डिजिटल सहीचा डोंगल, त्यासाठी जावा, जावासाठी प्लगइन, असा एक काळ होता. क्रोमने सप्टेंबर २०१५ मध्ये ४५ व्या आवृत्तीत ते जुने प्लगइन कायमचे बंद केले. फायरफॉक्सने मार्च २०१७ मध्ये, ५२ व्या आवृत्तीपासून, फ्लॅश सोडून बाकीच्यांना रजा दिली. पोर्टलं मात्र जुन्याच ब्राउझरची वाट बघत उभी. मग निविदा भरायला जुना फायरफॉक्स, दाखल्यांना नवा क्रोम आणि एखाद्या हट्टी खात्यासाठी इंटरनेट एक्सप्लोरर. तो एक्सप्लोरर मायक्रोसॉफ्टने १५ जून २०२२ ला निवृत्त केला, तरी एजच्या पोटात त्याचा अवतार २०२९ पर्यंत तरी पोसायचं वचन दिलं आहे. निवृत्तीनंतर इतकी मुदतवाढ जबलपूरजवळच्या खमरियाच्या आयुध निर्माणीतसुद्धा कुणाला मिळाली नसेल.

त्यात दुकानातल्या यंत्रावर विंडोज ७ असेल तर आनंदच. क्रोमची १०९ वी आवृत्ती त्यावर चालणारी शेवटची. नवी बसत नाही, जुनीवर पोर्टल रुसतं, म्हणून आणखी एखादा ब्राउझर उतरवला जातो. केंद्र सरकारने २०२३ मध्ये स्वदेशी ब्राउझरची स्पर्धाही लावली. मार्च २०२५ मध्ये झोहोला एक कोटीचं पहिलं बक्षीस मिळालं. अभिनंदन. पनागरच्या पडद्यावर आणखी एका चिन्हाला जागा करावी लागेल.

आता येऊ खऱ्या खलनायकाकडे. त्याचं नाव 'फॉर्मॅट मार देते हैं'. ब्राउझर हळू चालतो? फॉर्मॅट. दोन दिसतात? फॉर्मॅट. हा कारागीर प्रामाणिक असतो, आधी बॅकअप घेतो. डेस्कटॉप घेतो, डॉक्युमेंट्स घेतो, लग्नाचे फोटो तर दोनदा घेतो. घेत नाही तो 'ॲपडेटा' नावाचा फोल्डर, कारण विंडोज तो लपवून ठेवतं. आणि क्रोम काय, फायरफॉक्स काय, दोघांचाही सगळा ऐवज त्याच फोल्डरात. फोटो परत येतात, पासवर्ड येत नाहीत.

समजा कुणी शहाण्याने ॲपडेटाही उचलला. तरी क्रोमच्या पासवर्डांचं कुलूप विंडोजच्या त्या खात्याला बांधलेलं असतं. नव्या विंडोजमध्ये फाइल येते, पासवर्ड उघडत नाहीत. फायरफॉक्समध्ये पासवर्डांची फाइल एक आणि तिची किल्ली दुसऱ्या फाइलीत. एक आणून दुसरी विसरलात तर हाती शून्य. म्हणून मोडतोड सुरू करण्याआधी, ब्राउझर चालू असतानाच, पासवर्ड आणि बुकमार्क त्याच्या मेनूतून बाहेर काढून घ्यायचे. पासवर्डांची ती फाइल साध्या अक्षरांत असते, कुणालाही वाचता येते. काम झालं की पुसायची. दुकानाच्या डेस्कटॉपवर 'अंकल पासवर्ड' या नावाने ठेवायची नाही.

"पण आमचं सिंक चालू आहे!" असा अभिमान बाळगणारेही आहेत. सिंक म्हणजे बॅकअप नव्हे. इकडे एक बुकमार्क पुसला की सिंक ती आज्ञा तत्परतेने फोनपर्यंत पोचवतं. ते आज्ञाधारक आहे, शहाणं नाही. हरवलेले बुकमार्क शोधायचेच असतील तर फायरफॉक्स स्वतःहून त्यांच्या पंधरापर्यंत जुन्या प्रती जपून ठेवतो आणि क्रोम शेजारी एक '.बॅक' फाइल ठेवतो. फायरफॉक्स 'रिफ्रेश' केलात तर तो जुना संसार डेस्कटॉपवर एका फोल्डरात बांधून देतो. लोक तो फोल्डर बघतात, 'हा कचरा कुठून आला' म्हणतात आणि रिसायकल बिनमध्ये टाकतात.

राहता राहिला प्रश्न मालकीचा. माहिती जपायची म्हणताना आपण धरून चालतो की ती घरच्या संगणकात आहे. पनागरसारख्या गावात ती असते दुकानाच्या ब्राउझरमध्ये. फॉर्म भरून झाला की क्रोम नम्रपणे विचारतो, पासवर्ड जपून ठेवू का? दुकानातलं पोरगं घाईत 'हो' म्हणतं. अशा रीतीने निम्म्या गल्लीचे पासवर्ड एका प्रोफाइलमध्ये गोळा होतात. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा संसदेने २०२३ मध्ये केला. त्या 'हो'ला तो अजून भेटलेला नाही. दुकानदाराचा दोष निम्मा. बाकीचा निम्मा, पासवर्ड कागदावर लिहून "बेटा, तुम ही डाल दो" म्हणणाऱ्या आपला.

तेव्हा क्रम लक्षात ठेवा. आधी बघा, दोन खरोखर आहेत का. मग कोणत्यात काय आहे ते बघा. मग बुकमार्क आणि पासवर्ड बाहेर काढा. मग ब्राउझर पूर्ण बंद करा. क्रोमला खिडकी बंद झाल्यावरही मागे घुटमळायची सवय आहे, टास्क मॅनेजरमध्ये खात्री करून घ्या. मग प्रोफाइलचा अख्खा फोल्डर पेन ड्राइव्हवर उतरवा. एवढं झाल्यावरच नको असलेली प्रत काढा, आणि काढताना माहिती पुसण्याच्या चौकोनाला हात लावू नका. उरलेल्या प्रतीत सगळं दिसतंय हे पाहिल्याशिवाय पेन ड्राइव्ह रिकामा करू नका.

दुकानात फॉर्म भरायला जाल तेव्हा पासवर्ड स्वतः टाका, जपून ठेवायला ठाम नकार द्या आणि उठण्याआधी लॉगआउट करा. दुकानदार वैतागेल. वैतागू द्या, पुढच्या वेळी पासवर्ड बदलायला ओटीपीच्या रांगेत तो उभा राहणार नाही, तुम्ही राहणार आहात.